नसेल तर बनवू!
कोल्हापुरात जन्मलेल्या कॅमेऱ्याची आणि तो बनवणाऱ्या माणसांची गोष्ट

मित्रमैत्रिणींनो, कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा तलाव, करकरणारी चप्पल, तांबडा-पांढरा रस्सा, नाही तर लाल मातीतली कुस्ती! बरोबर आहे. पण याच कोल्हापुरात खरी कॉर्नर नावाच्या भागात एक स्तंभ उभा आहे, आणि तो कुठल्या राजाचा नाही की पैलवानाचा नाही. तो आहे चक्क कॅमेऱ्याचा! दरवर्षी १ डिसेंबरला गावातली सिनेमावाली मंडळी तिथं जमतात आणि कॅमेऱ्याची पूजा करतात.

एका यंत्राला एवढा मान का बरं? कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या गावातल्या काही तरुणांनी सिनेमा काढायचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी बनवला. त्यांच्यातला कुणी इंजिनिअर नव्हता. कॉलेजची पायरीसुद्धा त्यांनी चढलेली नव्हती. कॅमेरा विकत आणायला पैसे नव्हते, आणले असते तरी युद्धामुळं परदेशातून माल येण्याची मारामार होती. मग त्यांनी काय केलं? "नसेल तर बनवू!" असं ठरवलं.

आजकाल पेपरात, टीव्हीवर 'स्टार्टअप' हा शब्द तुम्ही रोज ऐकत असाल. एक नवी कल्पना, थोडेसे पैसे, जिवाभावाची चार माणसं आणि खूप सारी धडपड, यांतून उभा राहिलेला उद्योग म्हणजे स्टार्टअप. हा शब्द कुणाला ठाऊकही नव्हता तेव्हा कोल्हापुरात असा उद्योग सुरू झाला. त्याचं नाव महाराष्ट्र फिल्म कंपनी. आणि तो उभा करणाऱ्या माणसाचं नाव बाबूराव पेंटर.

पडदे रंगवणारे दोन भाऊ

बाबूरावांचं खरं आडनाव मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर. लाकूडकाम, लोखंडकाम, मूर्तिकाम, चित्रकाम, सगळं त्यांच्या हातात. घरातच अशी शाळा असल्यावर काय विचारता! बाबूरावांचं शाळेतलं शिक्षण फार झालं नाही, पण हात मात्र लहानपणापासून शिकत राहिले. त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हेही तसेच. रंगाचा डबा आणि हत्यारांची पेटी या दोन्हींवर दोघांचं सारखंच प्रेम.

तो काळ संगीत नाटकांचा होता. नाटकाला मागं मोठमोठे रंगवलेले पडदे लागत. एका पडद्यावर राजवाडा, दुसऱ्यावर जंगल, तिसऱ्यावर नदीचा घाट. हे पडदे रंगवण्यात दोघा भावांचा हातखंडा होता. नामवंत नाटक कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घेत. एवढं नाव झालं, की लोक त्यांना 'पेंटर' म्हणूनच ओळखू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडलं.

बरं चाललं होतं की! काम होतं, नाव होतं. पण १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरू लागलं. आपण रंगवतो ते पडदे जागच्या जागी थांबलेले असतात. इथं तर चित्र चालतंय, धावतंय, हात हलवतंय! आपणही असं चित्र काढायचं.

पण कसं? फाळके त्यासाठी १९१२ साली थेट इंग्लंडला गेले होते. तिथून त्यांनी कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, छपाईचं यंत्र आणि कोरी फिल्म असं सगळं मिळवलं. कोल्हापूरच्या या दोन चित्रकारांना लंडन कुठून परवडणार? त्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं.

दोघांनी सुरुवात वेगळ्या टोकानं केली. आधी दुसऱ्यांचे सिनेमे लोकांना दाखवायचा धंदा सुरू केला. त्यातून चार पैसे मिळतील, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सिनेमाचं यंत्र रोज हाताखालून जाईल.

दोन यंत्रं, युक्ती एकच

आता थोडं विज्ञान. कंटाळू नका, गंमत आहे!

सिनेमा दाखवायचं यंत्र म्हणजे प्रोजेक्टर आणि सिनेमा टिपायचं यंत्र म्हणजे कॅमेरा. एक उजेड बाहेर फेकतो, दुसरा उजेड आत घेतो. पण दोघांच्या पोटातली मुख्य युक्ती एकच असते. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म असते, तिच्या दोन्ही कडांना भोकं असतात. दातेरी चाकं आणि आकडे या भोकांत अडकून फिल्म पुढं ओढतात. मात्र फिल्म सरळ सलग पळत नाही. ती झटक्यानं एक चित्र पुढं सरकते आणि क्षणभर थांबते. पुन्हा सरकते, पुन्हा थांबते. सरकत असताना एक झडप उजेड अडवते, थांबली की झडप उघडते. मूकपटांच्या काळात हे सगळं हातानं दांडा फिरवून चाले, आणि एका सेकंदात साधारण १६ वेळा व्हावं लागे.

एका फुटात १६ चित्रं मावतात. म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म! आता तुम्हीच हिशेब करा, एक तासाच्या सिनेमाला किती फूट लागेल? बरोबर, ३६०० फूट. आणि चित्रं किती? ५७,६००. यातलं प्रत्येक चित्र अगदी आधीच्याच जागी येऊन थांबलं पाहिजे. केसभर इकडं-तिकडं झालं, की पडद्यावर सगळा राजवाडा थरथरायला लागतो. पेटीत कुठून उजेडाचा बारीक कवडसा शिरला, की फिल्म काळी पडते. आकड्यानं जरा जोरात ओढलं, की भोक फाटतं. आणि चूक झालीय हे लगेच कळतही नाही! अंधाऱ्या खोलीत फिल्म रसायनांत धुऊन काढावी, वाळवावी, मग समजणार की सगळी मेहनत पाण्यात गेली.

तुमच्या घरातल्या मोबाइलवर आज तुम्ही बटण दाबता आणि लगेच चित्र बघता. नको असेल तर पुसून टाकता. त्या वेळी पुसणं नव्हतं. फेकून देणं होतं, आणि पुन्हा पैसे घालून पुन्हा करणं होतं.

जोडीदार गेला

भाऊ कामाला लागले होते. आणि १९१६ साली आनंदराव वारले.

कल्पना करा. ज्याच्याबरोबर पडदे रंगवले, ज्याच्याबरोबर सिनेमाचं स्वप्न पाहिलं, तोच अर्ध्या वाटेवर सोडून गेला. कॅमेरा अजून पुरा झालेला नाही. बाबूराव तेव्हा २६ वर्षांचे. "जाऊ दे, आपले पडदेच बरे," असं ते म्हणाले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पोटापाण्याला ते काम पुरेसं होतं.

पण त्यांनी काम सोडलं नाही. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचा एक शिष्य होता. मूळचा पेणचा, बाबूरावांपेक्षा दोनच वर्षांनी लहान. चित्रकला शिकायला आलेला हा तरुण यंत्रांच्या बाबतीत भलताच हुशार निघाला. गुरू-शिष्य दोघांनी मिळून पुन्हा खटपट सुरू केली. अखेर १९१८ साली त्यांचा कॅमेरा चालला. कोल्हापुरात बनलेला, आणि खरोखर चित्र टिपणारा कॅमेरा!

दोस्तांनो, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. कॅमेरा तयार झाला १९१८ ला. मध्ये पाच वर्षं गेली. परीक्षेचा निकाल एक महिना लांबला तरी आपला जीव वरखाली होतो. इथं पाच वर्षं हाती काहीच नव्हतं, आणि त्यातच भावाचा मृत्यू. म्हणून तर त्या स्तंभावर माणसाऐवजी कॅमेरा आहे. त्यात ही सगळी वर्षं साठवलेली आहेत.

तानीबाईंचा विश्वास

कॅमेरा झाला, पण सिनेमा काढायला पैसे लागतात. नट, कपडे, फिल्म, रसायनं, सगळ्यालाच. सिनेमा म्हणजे तेव्हा लोकांना पोरखेळ वाटे. त्यात कोण पैसे घालणार? जे मोठमोठे धनवान होते ते मागं राहिले. पुढं आल्या तानीबाई कागलकर. कोल्हापूरच्या या गायिकेला बाबूरावांच्या कलेचं कौतुक होतं. त्यांनी पैसे उसने दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा बरं का! यशस्वी माणसांच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी त्या एका माणसाची जिद्द सांगतो. जिद्द तर हवीच. पण बाबूरावांकडं नुसती जिद्द असती आणि तानीबाई नसत्या, तर तो कॅमेरा फडताळात धूळ खात पडला असता. कुणीतरी विश्वास टाकावा लागतो. आणि विश्वास टाकणाराचं नाव विसरायचं नसतं.

कंपनीत हळूहळू माणसं जमू लागली. दामले तर होतेच. त्यांचे जिवलग मित्र फत्तेलाल आले. तेही चित्रकार, त्यांना सगळे 'साहेबमामा' म्हणत. थोड्याच दिवसांत शांताराम वणकुद्रे नावाचा विशीतला एक पोरगा आला. याआधी तो गंधर्व नाटक मंडळीत होता, रेल्वेच्या कारखान्यातही त्यानं काम केलं होतं. इथं तो पडेल ते काम करू लागला. पुढं सगळं जग त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखणार होतं! पण ते नंतर.

'सैरंध्री'

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. महाभारतातली विराटाच्या राजवाड्यातली गोष्ट. द्रौपदीला त्रास देणाऱ्या कीचकाला भीम ठार मारतो, ती.

पण द्रौपदी कोण होणार? चांगल्या घरच्या बायकांनी नाटक-सिनेमात काम करायचं नाही, असा तेव्हा दंडक होता. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात तारामतीचं कामसुद्धा एका पुरुषानं केलं होतं. 'सैरंध्री'त मात्र गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या दोघींनी काम केलं. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली. या धाडसाबद्दल त्यांना समाजाचा राग सोसावा लागला. कॅमेरा बनवणारे शूर, तशा या दोघीही शूरच म्हणायच्या.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' झळकला. भीमानं कीचकाला मारल्याचं दृश्य इतकं खरं वाटलं, की पुढं सरकारनं त्यातला भाग कापायला लावला. आणि सिनेमा बघून खूश झालेले कोण होते ठाऊक आहे? लोकमान्य टिळक! त्यांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

आता बाबूरावांची खरी करामत पुढं सुरू झाली. त्या काळी सिनेमातसुद्धा नाटकासारखे रंगवलेले पडदे मागं लावत. पण कॅमेऱ्याला ती लबाडी कळते. ज्या माणसानं तरुणपणी पडदे रंगवूनच पोट भरलं, त्यानंच आता पडदे काढून टाकले आणि खऱ्यासारख्या भिंती, खांब, दरवाजे उभे केले! आपल्याला जे उत्तम येतं तेच बाजूला ठेवायला फार मोठं मन लागतं.

'सिंहगड' हा तानाजीवरचा चित्रपट १९२३ चा. तानाजी कडा चढला तो रात्री. पण तेव्हा सगळं चित्रीकरण सूर्याच्या उजेडावर चाले. मग बाबूरावांनी विजेचे दिवे वापरून रात्रीची दृश्यं घेतली. आपल्या देशात असं करणारे ते अगदी पहिल्या काहींपैकी एक. ते सिनेमांची मोठमोठी पोस्टरं स्वतः रंगवत, आणि प्रेक्षकांसाठी गोष्ट आणि फोटो असलेल्या पुस्तिका छापत. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या त्यांच्या चित्रपटाचं पोस्टर हे चित्र असलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध भारतीय पोस्टरांत गणलं जातं.

पडलेला सिनेमा

देवादिकांच्या आणि इतिहासातल्या गोष्टी चालत होत्या. लोक गर्दी करत होते. शहाणा व्यापारी काय करील? तेच पुन्हा पुन्हा करील! पण १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. लेखक होते नारायण हरी आपटे. गोष्ट एका साध्या शेतकऱ्याची. सावकार त्याची जमीन लुबाडतो आणि त्याला घरदार सोडून शहरात गिरणी कामगार व्हावं लागतं. ना देव, ना चमत्कार, ना तलवारी. शेतकऱ्याचं काम केलं शांताराम यांनी.

आणि हा सिनेमा चालला नाही. लोकांना पडद्यावर स्वतःचंच दुःख बघायचं नव्हतं.

मग बाबूरावांचं चुकलं का? धंद्याच्या हिशेबानं नुकसान झालं हे खरंच. पण अकरा वर्षांनी, १९३६ साली, त्यांनी तीच गोष्ट पुन्हा घेतली आणि 'सावकारी पाश' बोलपट म्हणून काढला! एकदा पडलेली गोष्ट पुन्हा कोण हातात घेतो? ज्याला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही तो. आणि आज आपल्या सिनेमाचा इतिहास लिहिणारे लोक बाबूरावांच्या चित्रपटांत सगळ्यांत आधी कशाचं नाव घेतात? 'सावकारी पाश'चं. साधी माणसं आणि त्यांचे खरे प्रश्न आपल्या पडद्यावर आले, त्याची सुरुवात इथून मोजतात.

शिष्य निघाले

आता गोष्टीतला अवघड भाग. १९२९ साली दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे तिघंही कंपनी सोडून गेले. केशवराव धायबर हेही त्यांच्याबरोबर निघाले. सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली, आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' सुरू झाली. दोन वर्षांच्या आसपास महाराष्ट्र फिल्म कंपनीला कुलूप लागलं.

वाईट वाटतं ना? ज्या कंपनीसाठी पाच वर्षं कॅमेरा घडवला, ती जेमतेम एक तप टिकली. त्यातच 'सैरंध्री'ची आणि मूक 'सावकारी पाश'ची प्रत आज आपल्याला पाहायला मिळत नाही. आपले बहुतेक मूकपट असेच काळाच्या पोटात गेले.

पण जरा थांबा. प्रभातवाल्यांनी जाताना बरोबर काय नेलं? हातातलं कसब. दिवे कसे लावायचे, भिंती कशा उभ्या करायच्या, मोडलेलं यंत्र कसं जोडायचं, हे सगळं ते बाबूरावांकडंच शिकले होते. प्रभातलाही अडचणी आल्याच. शिवरायांवरच्या चित्रपटाचं नाव 'स्वराज्याचे तोरण' ठेवलं, तर इंग्रज सरकारला 'स्वराज्य' हा शब्दच खुपला. मग तो १९३० साली 'उदयकाल' या नावानं आला. बोलपटांचं वारं आलं, तर प्रभातनं १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. कॅमेरा जोडणारे दामले आता आवाज टिपायचं यंत्र सांभाळू लागले! १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांनी काढलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला, आणि पुढच्याच वर्षी इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातच्या त्याच जागेत १९६० साली सरकारनं चित्रपट शिकवणारी संस्था सुरू केली. देशभरातली मुलंमुली आज तिथं कॅमेरा हाताळायला शिकतात.

आणि गुरू-शिष्यांचं काय झालं? शांताराम यांनी पुढं मुंबईत 'राजकमल' ही स्वतःची संस्था काढली. तिथं १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट तयार झाला, तेव्हा दिग्दर्शनासाठी त्यांनी कुणाला बोलावलं असेल? बाबूरावांना! १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कोल्हापुरात वारले. आज त्यांना सगळे आदरानं 'कलामहर्षी' म्हणतात.

राखेतून पुन्हा

कोल्हापूरच्या मातीचा हा गुणच आहे की काय, कोण जाणे! भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ याच गावातला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत तो जाळण्यात आला. त्यात चित्रपटांच्या फिल्मही जळाल्या. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला, आणि जळालेला 'मीठभाकर' पुन्हा चित्रित करून लोकांपुढं आणला. पुढं १९९१ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. शांताराम यांना तो १९८५ साठी मिळाला होता.

*चौकट*

*नांगर आणि माळरान*

*कोल्हापूरहून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथली गोष्टही अशीच. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. चित्रकार व्हायचं स्वप्न संपलं! मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले, पुढं ती शिकवूही लागले. ती नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं. नंतर लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकरी म्हणू लागले. तरी ते चिकटून राहिले. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना माळरान दिलं. निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर १९१० साली कारखाना आणि गाव उभं राहिलं. रंग ओळखता न येणाऱ्या त्या मुलानं महाराष्ट्राच्या शेतीचं चित्र बदललं!*

मग यातून आपण काय घ्यायचं?

'प्रयत्नांती परमेश्वर' हे तुम्ही वहीत शंभरदा लिहिलं असेल. ते मी पुन्हा सांगत नाही. थोडं वेगळं सांगतो.

पहिली गोष्ट. बाबूराव नुसते वाट बघत बसले नाहीत. कॅमेरा नव्हता तर त्यांनी आधी प्रोजेक्टर चालवला. तुम्हाला क्रिकेटची महागडी बॅट हवी आहे, कॉम्प्युटर हवा आहे, चित्रकलेचा क्लास हवा आहे, आणि घरी आत्ता जमत नाही. ठीक आहे. पण त्याच्या आसपासची अशी कुठली गोष्ट आहे, जी तुम्हाला आजच करता येईल? तिथून सुरुवात करा. आईबाबांवर रुसून बसण्यापेक्षा ते बरं!

दुसरी गोष्ट. चिकाटी म्हणजे तेच ते करत राहणं नव्हे. बाबूरावांनी रंगवलेले पडदे काढले, दिवे लावले, गोष्ट बदलली. काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे ज्याला कळतं त्याची चिकाटी खरी. पडदे सोडले, पण शेतकऱ्याची गोष्ट सोडली नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. कंपनी बंद पडली म्हणजे सगळं संपलं, असं होत नाही. बाबूरावांची कंपनी गेली, पण तिनं घडवलेली माणसं राहिली. म्हणून तुमचा विज्ञान प्रदर्शनातला प्रयोग फसला, नाटकाला नंबर आला नाही, मित्रांनी मिळून सुरू केलेलं हस्तलिखित तीनच अंकांत बंद पडलं, तर वाईट जरूर वाटू द्या. मग एक कागद घ्या आणि त्या खटपटीत आपल्याला काय काय यायला लागलं, त्याची यादी करा. ती यादी तुमची. ती कुणीही बंद पाडू शकत नाही.

हे करून पाहा

वाचून झालं? आता हात चालवा! एक जुनी, जाड वही घ्या. शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा चेंडू काढा. त्याच्या आधीच्या पानावर, जवळपास त्याच जागी पण किंचित वर, पुन्हा चेंडू काढा. असं करत चाळीसेक पानं भरा. चेंडू वर जाऊ द्या, मग खाली येऊ द्या. आता वहीचा कोपरा अंगठ्यानं दाबून शेवटाकडून पानं भर्रकन सोडा. चेंडू उडतोय की नाही?

बहुतेक पहिल्या खेपेला तो नुसता थरथरेल. एखाद्या पानावर चेंडू जागेवरून हलला असेल, म्हणून. ते पान शोधा, खोडा, पुन्हा काढा. पुन्हा सोडून बघा.

१९१८ साली कोल्हापुरात बाबूराव आणि दामले याच थरथरीशी झुंजत होते. तुमच्याकडं फक्त चाळीस पानं आहेत, दोस्तांनो. लागा कामाला!